नातवाचं लिव्हर डावीकडे आहे

पत्र:

नमस्कार डॉक्टर मॅडम. मी रामबागेत राहते. माझा नातू नऊ महिन्यांचा आहे. जन्मल्यापासून त्याची कावीळ उतरलीच नाही. शी पांढुरकी व्हायची, चुन्यासारखी. आम्ही आधी कोवळं ऊन दाखवलं, मग कुणी सांगितलं म्हणून काविळीची माळ घातली, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन आणले. निदान व्हायला अडीच महिने गेले. पित्ताची नळीच नीट बनलेली नाही असं कळलं. मुंबईला कसाई नावाचं ऑपरेशन झालं, पण कावीळ परत आली. आता लिव्हर ट्रान्सप्लांट सांगितलंय. त्यात सीटीमध्ये निघालं की बाळाच्या पोटात सगळं उलटं आहे. लिव्हर डावीकडे, जठर उजवीकडे, पाणथरी (स्प्लीन) एकाऐवजी पाच-सहा छोट्या छोट्या, आणि पायांकडून हृदयाकडे जाणारी मोठी शीर मधेच नाही म्हणे. एका हॉस्पिटलने सरळ सांगितलं, "रचना अवघड आहे, आमच्याकडे नको." घरात कुणी म्हणतं, देवानेच उलटं घडवलंय तर चिरफाड कशाला. माझ्या जाऊबाई म्हणतात, सुनेने पाचव्या महिन्यात ग्रहणात भाजी चिरली होती. सून काही बोलत नाही, धड जेवतही नाही. ती लिव्हर द्यायला तयार आहे. माझ्या मुलाचाही, म्हणजे बाळाच्या वडिलांचाही, रक्तगट जुळतो, पण घरात तो एकटा कमावता, म्हणून त्याचं नको असं मला वाटतं. मी ६४ वर्षांची आहे, माझं चालेल का? आणि ज्याचं आत सगळं उलटं, त्याला दुसऱ्याचं सुलटं लिव्हर बसेल तरी का?
– नातवाची आजी, इंदूर

उत्तर:

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. बसतं. उलट्या रचनेच्या बाळाला सुलट्या रचनेच्या माणसाचं लिव्हर बसतं आणि ते कामही करतं. ऑपरेशन जास्त नाजूक होतं, आखणी जास्त बारकाईने करावी लागते, हात सरावलेले लागतात. १९८०च्या दशकापर्यंत अशी रचना दिसली की सर्जन मागे सरत. त्यानंतर जगभर अशा मुलांची प्रत्यारोपणं झाली, भारतातही झाली, आणि सरावाच्या केंद्रांत या मुलांची गत इतर मुलांपेक्षा फारशी वेगळी राहिलेली नाही.

मी शरीररचनाशास्त्राची मास्तरीण. तीस वर्षं इथल्या मेडिकल कॉलेजात शिकवलं. एका पावसाळ्यात डिसेक्शन हॉलमध्ये चार नंबरच्या टेबलावरच्या मुलांनी पोट उघडलं आणि एक मुलगी रडवेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आली. "मॅडम, आम्हाला लिव्हर सापडत नाहीये." मी गेले. म्हाताऱ्याचा देह होता, सत्तरीच्या आसपासचा. टाचांना भेगा, उजव्या खांद्यावर ओझं वाहून वाहून पडलेला घट्टा. मी त्या मुलीचा हात धरून डाव्या बरगडीखाली नेला. तिथे होतं लिव्हर, मऊ, गुळगुळीत, अगदी शाबूत. हृदयाचं टोक उजवीकडे. अपेंडिक्स डावीकडे. आरशात पाहावं तसं सगळं. त्या दिवशी बाकीची टेबलं बंद करून मी सगळ्या वर्गाला एकेक करून तिथे बोलावलं. त्या माणसाने उभं आयुष्य ओझी वाहिली होती, आणि आपल्या पोटात काय कुठे आहे हे त्याला बहुधा कधी कळलंही नसेल. लंडनच्या मॅथ्यू बेली नावाच्या शरीररचनातज्ज्ञाने १७८८ साली असाच एक देह उघडून त्याचं वर्णन लिहून ठेवलं होतं. तेव्हापासून आम्हा लोकांना हे माहीत आहे.

तुमच्यापासून काही लपवत नाही, त्या म्हाताऱ्यात आणि तुमच्या नातवात फरक आहे. त्याचं सगळं एकसारखं उलटं होतं, म्हणून त्याचं काही अडलं नाही. बाळाचं मिश्र आहे. पाणथरीचे अनेक तुकडे, मोठ्या शिरेचा बदललेला मार्ग आणि पित्ताची नळी न बनणं या तिन्ही गोष्टी काही मुलांत जोडीने येतात, कारण मूळ गडबड एकाच वेळची असते. कावीळ उलट्या रचनेमुळे झाली असं समजू नका. लिव्हर बिघडलं ते पित्त तुंबल्यामुळे.

आता ग्रहणाचं. हे तुमच्या जाऊबाईंना वाचून दाखवा. गर्भ राहून साधारण तीन आठवडे होतात तेव्हा तो तिळाएवढाही नसतो. त्याच्या अंगावर एका जागी अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते गोल गोल फिरतात आणि भोवतीचा द्रव डावीकडे लोटतात. त्या इवल्याशा प्रवाहावरून शरीराला कळतं की डावं कुठलं, उजवं कुठलं. तो प्रवाह नीट झाला नाही की पुढचं सगळं नशिबावर पडतं, काही अवयव सुलटे, काही उलटे. हे घडतं तेव्हा आईची पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो. सुनेला दिवस गेल्याची खात्रीही नव्हती, तेव्हा बाळाच्या पोटातली मांडणी ठरून गेली होती. पाचव्या महिन्यातल्या विळीचा तिथे काय संबंध? सून जेवत नाही, बोलत नाही असं तुम्ही लिहिलंय. ताई, घरातल्या वडीलधाऱ्या बाईने सगळ्यांसमोर एकदा स्पष्ट म्हणायला हवं, "यात तिचा काही दोष नाही." ते तुम्हीच म्हणू शकता. आजच म्हणा.

आणि अडीच महिन्यांबद्दल. जपानमधल्या सेंदाईच्या मोरिओ कसाई यांनी आतड्याचा तुकडा थेट लिव्हरला जोडण्याचं हे ऑपरेशन १९५० च्या दशकात सुरू केलं. ते पहिल्या दोन महिन्यांत झालं तर फळण्याची शक्यता जास्त, हे खरं आहे. पण लवकर होऊनही ते ज्यांना लागू पडत नाही अशी मुलं पुष्कळ असतात. उन्हात आणि माळेत गेलेले दिवस परत येणार नाहीत. शेजारीपाजारी कुणाच्या बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकली आणि शी पांढुरकी असली, तर त्याला त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे पाठवा. एवढं तुम्ही करू शकता, आणि तुमचं ऐकतील, कारण तुम्ही भोगलंय.

आता पोटातली मांडणी. नवं लिव्हर बसवताना चार जोडण्या कराव्या लागतात. लिव्हरमधून हृदयाकडे रक्त नेणारी शीर, आतड्याकडून लिव्हरला रक्त आणणारी पोर्टल व्हेन, रोहिणी आणि पित्ताची नळी. यातली पित्तनळीची जोडणी अशा बाळात फार वेगळी नसते. रोहिणी मात्र कधी कधी वेगळ्या जागेहून निघते, तीही सीटीवर पाहून ठेवतात. कसाईच्या वेळी आतड्याचा जो तुकडा लिव्हरला जोडलेला असतो, तोच बहुतेकदा पुन्हा नव्या लिव्हरच्या पित्तनळीला उपयोगी पडतो.

"मोठी शीर मधेच नाही" हे वाचून तुमच्या छातीत धस्स झालं असणार. पण आपला ए. बी. रोड गावातून बंद असला तर ट्रक बायपासने निघतात ना, तसं या मुलांत पायांकडचं रक्त पाठीमागच्या दुसऱ्या शिरेने वर जातं आणि हृदयाला मिळतं. लिव्हरच्या शिरा मात्र थेट हृदयालगत उघडतात, आणि नव्या लिव्हरची शीर तिथेच शिवायची असते. एका बाबतीत हे सोयीचंही असतं. एरवी ही मोठी शीर ऑपरेशनमध्ये काही वेळ दाबून धरावी लागते. इथे खालचं रक्त आधीच दुसऱ्या वाटेने चाललेलं असतं, त्यामुळे ते अडत नाही.

मला काळजी आहे ती पोर्टल व्हेनची. या मुलांत ती अनेकदा लहान आतड्याच्या पुढून जाते, जिथे ती एरवी नसते, आणि पित्तनळीच्या आजारात ती बारीकही राहते. चार-पाच मिलिमीटरपेक्षा बारीक निघाली तर सर्जनला दुसऱ्या शिरेचा तुकडा लावून ती रुंद करावी लागते. तुमच्या सर्जनना हा प्रश्न नक्की विचारा: पोर्टल व्हेन किती मिलिमीटरची आहे, आणि बारीक निघाली तर तुमची तयारी काय? उत्तर देताना त्यांनी कागद ओढून चित्र काढायला घेतलं, तर तुम्ही बरोबर जागी आला आहात.

दुसरी बारीक गोष्ट कोनाची. बाळाला मोठ्या माणसाच्या लिव्हरचा डावा भाग देतात, आणि तो डावीकडच्या पोकळीत नेहमीच्या दिशेने ठेवून चालत नाही. नर्मदेच्या पाण्याची पाळी आली की आपण गच्चीवर पाइप ओढतो. कोपऱ्यावर तो मुरडला की वरती थेंब येत नाही, मोटर मात्र चालूच. शिरांचं तेच. म्हणून सर्जन लिव्हरचा तुकडा थोडा फिरवून बसवतात, कधी पोकळीच्या मध्याकडे सरकवतात, कधी खाली आधार देतात, आणि ऑपरेशन चालू असतानाच डॉपलर सोनोग्राफीने रक्त वाहतंय का ते पाहतात. नंतरचे काही दिवस रोज डॉपलर करतात. त्यांनी रोज सोनोग्राफी सांगितली म्हणून काही बिघडलं असं समजू नका.

हृदयाची इको आणि बोटाला लावून ऑक्सिजन मोजणं हेही आधीच करून घ्या. या मुलांत हृदयात छिद्र असण्याची शक्यता असते, आणि लिव्हरच्या आजाराने फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या पसरून ऑक्सिजन कमी पडू शकतो. बाळाचे ओठ किंवा नखं रडताना निळसर दिसतात का ते सुनेला पाहायला सांगा. ती सगळ्यांत जवळून बघते.

आता ज्या हॉस्पिटलने नाही म्हटलं त्यांच्याबद्दल. मला त्यांचा राग येत नाही. "आमच्याकडे नको" याचा अर्थ त्यांच्या टीमला या रचनेचा सराव नाही, एवढाच. बाळाबद्दलचा तो निकाल नव्हे. इंदूरमध्ये अवयवदानाची चांगली चळवळ आहे, ग्रीन कॉरिडॉर करून, म्हणजे वाटेतली रहदारी थांबवून, इथून अवयव बाहेर जातात. तरीही नऊ महिन्यांच्या आणि अशा रचनेच्या बाळासाठी लहान मुलांची प्रत्यारोपणं वरचेवर करणारं केंद्र गाठा. मुंबई, दिल्ली, चेन्नईत ती आहेत. मुंबईला अवंतिका एक्स्प्रेसने रातोरात पोचता येतं. जाताना सीटीचा नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका. सीडी मागून घ्या, कसाईच्या ऑपरेशनच्या नोंदी मागून घ्या. सीडीवर सर्जन स्वतः शिरा मोजतात. रिपोर्ट दुसऱ्याने लिहिलेला असतो. आणि तिथे विचारा, "अशा रचनेच्या मुलांची प्रत्यारोपणं तुम्ही केली आहेत का?" असं विचारणं उद्धटपणाचं नाही. चांगला डॉक्टर याने दुखावत नाही.

तोवर घरी काय करायचं, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण प्रत्यारोपणाला बाळ जितकं धष्टपुष्ट जाईल तितकं बरं. आजारी लिव्हरमुळे तूप-लोण्याची चरबी पचत नाही, म्हणून डॉक्टर एमसीटी नावाचं तेल आणि ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं देतात. त्यात खंड पडू देऊ नका. नाकातून नळी घालून रात्री दूध द्यायचं म्हणाले, तर घरात कुणी "बिचाऱ्याला किती त्रास" म्हणून अडवू नका. त्या नळीने अनेक मुलं ऑपरेशनपर्यंत पोचली आहेत. वजन वाढलं म्हणून लगेच आनंद मानू नका, पोटात पाणी भरलं तरी काटा वर जातो. शिंप्याची टेप घ्या, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, त्याच हाताचा. वहीत लिहून ठेवा. वजनापेक्षा तोच आकडा खरं सांगतो.

लसी आत्ताच उरका. गोवर-रुबेलाची लस जिवंत जंतूंची असते. प्रत्यारोपणानंतर ती सहसा देत नाहीत, आणि आधी द्यायची तर ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी द्यावी लागते. बाळ नऊ महिन्यांचंच आहे, तेव्हा डॉक्टरांना या आठवड्यातच विचारा. पाणथरी जंतूंपासून वाचवते, पण तिचे तुकडे असले की ती पूर्ण काम करेलच असं नाही, म्हणून न्यूमोकॉकस आणि मेनिंगोकॉकसच्या लसींचीही चौकशी करा. ताप आला, शी काळी झाली, रक्ताची उलटी झाली किंवा बाळ नेहमीपेक्षा सुस्त पडलं, तर रात्र असली तरी निघा. आणि ताई, काविळीची माळ, काढा, भस्म, मुळी यांतलं काहीही आता पोटात किंवा अंगावर नको.

देण्याचं. तुमच्या तयारीला मनापासून नमस्कार. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली दुरुस्ती होऊन आजी-आजोबाही जवळच्या नात्यात आले, त्यामुळे कायद्याची आडकाठी नाही. वयाची आहे. बहुतेक केंद्रं पन्नास-पंचावन्नच्या पुढे देणारा घेत नाहीत, आणि चौसष्टाव्या वर्षी तुमच्यावर एवढं मोठं ऑपरेशन करणंही बरोबर नाही. बाळाला तुमची गरज दुसरीकडे आहे.

मुलगा कमावता म्हणून त्याला वगळायचं, हे मला पटलं नाही. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत, आणि त्याचं एक कारण घराघरांतलं हेच बोलणं आहे. सून तयार आहे म्हणता. ती खरंच तयार आहे की तिला बाकी काही बोलायची जागाच उरली नाही, हे तुम्हाला तिच्या गप्पपणावरून कळतंय का? दोघांचीही पूर्ण तपासणी होऊ द्या. ज्याच्या लिव्हरची घडण आणि शिरा बाळाला जास्त जुळतील तो देईल, हे डॉक्टर ठरवतील. केंद्रात देणाऱ्याला एकट्याला बसवून विचारतात. त्या वेळी बाहेर थांबा, आणि आत काय बोलणं झालं ते विचारू नका.

देणाऱ्याचं काय होतं तेही सांगते. एवढ्या लहान बाळाला लिव्हरचा साधारण पाचवा ते चौथा हिस्साच लागतो. उरलेलं काही महिन्यांत वाढून भरून येतं. आठवडाभर हॉस्पिटल, दोन-तीन महिने जड उचलायचं नाही. धोका शून्य नाही, या भागाच्या दानात जीव जाण्याचा धोका हजारात एकाच्या आसपास धरतात. सुनेने दिलं तर पुढच्या बाळंतपणाआधी साधारण वर्षभर थांबायला सांगतात. पुढे मूल होण्यात त्याने अडचण येत नाही. १९८९ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला एका जपानी आईने आपल्या दीड वर्षाच्या मुलाला असाच तुकडा दिला, जिवंत माणसाच्या लिव्हरचं ते पहिलं यशस्वी प्रत्यारोपण. आपल्याकडे १९९८ साली दिल्लीत पित्तनळीच्याच आजाराच्या जेमतेम दोन वर्षांच्या मुलाला त्याच्या वडिलांनी लिव्हर दिलं. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. वडील कमावतेच होते.

पैशांचं थोडक्यात: केंद्रातल्या सामाजिक कार्यकर्त्याला पहिल्याच दिवशी भेटा. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि मध्य प्रदेशचं मुख्यमंत्री स्वेच्छानुदान यांचे अर्ज ऑपरेशनआधी करायचे असतात, नंतर नाही. हॉस्पिटलचं अंदाजपत्रक लेटरहेडवर घ्या.

ऑपरेशननंतर नवं लिव्हर शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस नावाचं औषध दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी, जन्मभर. घड्याळ लावून. पाहुणे आले, लग्न आहे, गाडीत आहोत, यातलं कुठलंही कारण चालत नाही. पहिले काही महिने जावळ, गर्दी, सराफ्यातली खाऊगल्ली, बाहेरचं खाणं, सगळं पुढे ढकला. आणि बाळाच्या फाईलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: अवयवांची रचना उलटी, लिव्हर डावीकडे बसवलेलं, पाणथरीचे अनेक तुकडे. तो मोठा होईल, शाळेत जाईल, हॉस्टेलवर राहील. एखाद्या रात्री अनोळखी डॉक्टरसमोर पोटदुखी घेऊन उभा राहिला, तर त्या डॉक्टरला हे आधी कळलं पाहिजे.

सुनेला माझा आशीर्वाद सांगा, आणि तिच्या ताटाकडेही लक्ष द्या. देणाऱ्याची तपासणी व्हायची तर तिच्या अंगात रक्त हवं. येत्या सोमवारी टेप घेऊन बाळाच्या दंडाचा घेर मोजा आणि मला कळवा.